दवाखान्याचं बिल हातात पडण्याआधी: कागद, योजना आणि विम्याची घरोघरी तयारी

गेल्या वर्षी शाबान महिन्यात एके दिवशी फजरच्या नमाजनंतर आमच्या चाचांच्या छातीत कळ आली. चाचा शिलाईकाम करतात, वय ५८. आधी तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे ईसीजी काढून डॉक्टरांनी सांगितलं, "वेळ घालवू नका, शहरात न्या." शहरातल्या एका खासगी हॉस्पिटलात पोहोचलो तेव्हा काउंटरवर पहिला प्रश्न आला, "डिपॉझिट किती भरताय?" आम्ही खिशात होतं तेवढं भरलं, उरलेलं फोनवरून जमवलं. अँजिओप्लास्टी झाली, चाचा वाचले, अल्हम्दुलिल्लाह. पाचव्या दिवशी हातात बिल पडलं, दोन लाख अडतीस हजारांचं.

ते बिल कसं भरलं ते सांगतो, कारण अनेक घरांत ते असंच भरलं जातं. चाचीच्या बांगड्या गहाण गेल्या. आमची भिशी आधीच उचलली. दोन शिलाई मशीनपैकी एक विकलं. चाचांच्या मुलीच्या डी.फार्मसीची फी बाजूला काढून ठेवली होती, तीही गेली आणि पोरीचं एक वर्ष वाया गेलं.

डिस्चार्ज घेऊन बाहेर पडताना आमचं लक्ष जिन्याशेजारच्या एका बोर्डाकडे गेलं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. बोर्डाखाली टेबल होतं आणि टेबलामागे आरोग्यमित्र बसलेला. त्याला विचारलं तर तो हळहळला. "सर, दाखल झालात त्याच दिवशी यायला हवं होतं. रेशनकार्ड आहे, आजार योजनेत बसतो. आता बिल भरून डिस्चार्ज झालाय, आता काही करता येणार नाही." पाच दिवस आम्ही त्या टेबलासमोरून ये-जा करत होतो. आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

आम्ही शिक्षक आहोत. मुलांना अर्ज लिहायला शिकवतो, पालकांचे दाखले काढून देतो. तरी आपल्याच घरात वेळ आली तेव्हा आम्हाला काही माहीत नव्हतं. त्यानंतर आम्ही या विषयाची माहिती गोळा केली, चार ठिकाणी जाऊन विचारलं, मोहल्ल्यातल्या काही घरांचे कागद दुरुस्त करून घेतले. त्यातून एक गोष्ट पक्की समजली. आजार अचानक येतो, पण बिलाने घर मोडतं ते बऱ्याचदा कागद तयार नसतात आणि योग्य प्रश्न योग्य वेळी विचारला जात नाही म्हणून. पैसा लागतोच, पण कागद त्याच्या आधी लागतात.

दाखल होतानाच विचारायचे तीन प्रश्न

तातडीच्या वेळी आधी रुग्णाला डॉक्टरांच्या हवाली करायचं. गाडी नसेल तर १०८ क्रमांकावर सरकारी अॅम्ब्युलन्स मोफत मिळते. रुग्ण आत गेला की घरातल्या एका शांत डोक्याच्या माणसाने काउंटरवर जाऊन तीन प्रश्न विचारायचे.

एक, "हे हॉस्पिटल जन आरोग्य योजनेत आहे का? आरोग्यमित्र कुठे बसतो?"

दोन, "हे धर्मादाय हॉस्पिटल आहे का? इथे गरीब रुग्णांसाठी राखीव खाटा आहेत का?"

तीन, विमा असेल तर, "या कंपनीचं कॅशलेस इथे चालतं का? विम्याचं काम कोण बघतं?"

हे प्रश्न पैसे भरण्याच्या आधी किंवा निदान त्याच दिवशी विचारायचे. डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग नसतो, तो धडा आम्ही दोन लाख अडतीस हजार मोजून शिकलो.

जन आरोग्य योजना: प्रीमियम नाही, पण कागद हवेत

महाराष्ट्रात ही योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने काही जिल्ह्यांत सुरू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये आली आणि आता राज्यात दोन्ही योजना एकत्र चालतात. पूर्वी राज्याच्या योजनेत कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मिळत. आता ही मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांची झाली आहे. पिवळं आणि केशरी रेशनकार्ड तर होतंच, आता पांढऱ्या कार्डाची कुटुंबंही यात घेतली आहेत. "आपलं कार्ड पांढरं आहे, आपल्याला काही मिळत नाही" हा समज अजून बऱ्याच घरांत आहे. तो काढून टाकायला हवा.

योजनेत हृदय, किडनी, कॅन्सर, मेंदू, हाडं, भाजलेले रुग्ण, नवजात बाळं अशा हजाराहून जास्त उपचार आणि शस्त्रक्रिया आहेत. पण सगळेच आजार नाहीत. साधा ताप आला आणि सलाइन लावलं, तर ते बहुधा बसत नाही. दाखल न होता नुसती तपासणी केली तर तिचा खर्चही यात येत नाही. आणि योजना फक्त यादीतल्या हॉस्पिटलांतच चालते. एखादं हॉस्पिटल हृदयाच्या उपचारासाठी यादीत असेल, पण हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी नसेल, असंही होतं. म्हणून आपल्या जिल्ह्यात कोणत्या आजारासाठी कुठलं हॉस्पिटल यादीत आहे, ते आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवा. योजनेची हेल्पलाइन १५५३८८ आणि १८००-२३३-२२०० आहे, तर आयुष्मान भारतची १४५५५.

घरात सत्तरीच्या पुढचे दादा-दादी, नाना-नानी असतील तर आणखी एक सोय आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे आणि त्यापुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळू शकतात. त्यासाठी वेगळं कार्ड काढावं लागतं. आधार आणि मोबाइल घेऊन सेवा केंद्रात गेलं की केवायसी होते. बुजुर्ग माणूस चालता-फिरता असतानाच हे करून घ्या. आयसीयूत असलेल्या माणसाचा अंगठा घ्यायला धावणं किती कठीण असतं, ते ज्यांच्यावर वेळ आली त्यांना विचारा.

आपल्या घरांतली खास अडचण: नावं

हे आम्ही शाळेच्या रजिस्टरमुळे रोज बघतो. एकाच माणसाचं नाव आधारवर "मोहम्मद सलीम शेख", रेशनकार्डावर "शेख सलीम महंमद" आणि बँकेत नुसतं "सलीम एम. शेख". इंग्रजी स्पेलिंगचे तर चार-चार प्रकार. सुनेचं नाव निकाहनंतर माहेरच्या कार्डातून कमी झालेलं असतं, पण सासरच्या कार्डात चढलेलं नसतं. म्हणजे ती कुठेच नाही. दोन वर्षांच्या मुलाचं नाव अजून कार्डात घातलेलं नसतं, कारण "नंतर बघू."

योजनेच्या टेबलावर पहिली अडचण इथेच येते. आमच्या ओळखीच्या एका घरात सून बाळंतपणानंतर गंभीर झाली. योजना लागू होती, पण कार्डात तिचं नाव नव्हतं. तहसील कार्यालयात पळापळ करण्यात दोन दिवस गेले आणि तोवर खर्च खिशातून झाला.

त्यामुळे कामाचा क्रम असा ठेवा. घरातल्या प्रत्येकाचं आधार आणि रेशनकार्ड शेजारी ठेवा आणि अक्षर अन् अक्षर जुळवा. जन्मतारीख जुळवा. चालू मोबाइल नंबर आधारला जोडलेला आहे का ते बघा, कारण ओटीपी त्याच नंबरवर येतो. सुनेचं नाव चढवा, मयत झालेल्यांचं कमी करा, लहान मुलांची नावं घाला. ही दुरुस्ती व्हायला काही आठवडे लागू शकतात. घरात सगळे ठणठणीत असताना ते परवडतं.

धर्मादाय हॉस्पिटल: तिथे आपला हक्क आहे

मुंबई, पुणे आणि इतर शहरांतली कितीतरी मोठी हॉस्पिटलं सार्वजनिक ट्रस्टच्या नावावर नोंदलेली आहेत. बाहेरून ती पंचतारांकित दिसतात, म्हणून गरीब माणूस आत शिरायलाच कचरतो. पण महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातलं कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना यांमुळे या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी हॉस्पिटल आपल्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढतं.

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. पुरावा म्हणून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड लागतं. तातडीच्या वेळी निर्धन रुग्णाला डिपॉझिट न मागता दाखल करून घेणं आणि जीव वाचवण्याचे उपचार देणं या हॉस्पिटलांवर बंधनकारक आहे.

हॉस्पिटलात समाजसेवक किंवा एमएसडब्ल्यू म्हणून एक व्यक्ती असते. तिच्याकडे जा, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. "खाटा भरल्या आहेत" असं तोंडी उत्तर मिळालं तर ते लेखी मागा. राखीव खाटांची स्थिती धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे कळते आणि तक्रारही तिथेच करता येते. अशा वेळी आवाज चढवून काही हाती लागत नाही. हातात कागद आणि तोंडात नेमका प्रश्न असला की समोरचा माणूस ऐकतो, हा आमचा अनुभव आहे.

मुख्यमंत्री सहाय्यता निधीतूनही गंभीर आजारांसाठी मदत मिळते. तिथेही उपचार चालू असतानाच हॉस्पिटलच्या खर्चाच्या अंदाजपत्रकासह अर्ज करायचा असतो. आणि लूम, कारखाना, गोदाम, दुकान इथे काम करणाऱ्या भावांनी मालकाला एक प्रश्न विचारायला हवा, "आमचं ईएसआय भरता का?" महिना २१ हजारांपर्यंत पगार असेल आणि आस्थापना कायद्यात बसत असेल, तर कामगाराच्या पगारातून फक्त पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के जातात. त्यावर कामगार आणि त्याचं कुटुंब दोघांनाही उपचार मिळतात. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत हे विचारणारे कमी असतात, कारण काम तोंडी बोलीवर चालतं.

बिल नुसतं भरू नका, वाचा

दुकानातून पाव किलो साखर आणली तरी आपण हिशेब बघतो. मग लाखाचं बिल न बघता का भरायचं?

दाखल होतानाच खर्चाचा अंदाज लेखी मागा. रोज संध्याकाळी आजवरचा खर्च किती झाला ते विचारा. शेवटी नुसती एका ओळीची बेरीज घेऊ नका, प्रत्येक बाबीचं वेगळं बिल मागा. मग बघा, तपासणी एकदा झाली आणि दोनदा लावली आहे का? डॉक्टर ज्या दिवशी आलेच नाहीत त्या दिवसाची फी आहे का? न वापरलेली औषधं परत केली, ती बिलातून वजा झाली का? स्टेंट बसवला असेल तर त्याचं स्टिकर आणि किंमत बिलात वेगळी आहे का? कोरोनरी स्टेंटच्या कमाल किमतीवर केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ पासून मर्यादा घातली आहे.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत दर आधी कळण्याचा, औषधं आणि तपासण्या कुठून घ्यायच्या ते निवडण्याचा, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्याचा हक्क सांगितला आहे. बिलाच्या वादावरून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवू नये, हेही त्यात आहे. महाराष्ट्रात जानेवारी २०२१ मध्ये नर्सिंग होमच्या नियमांत बदल झाला आणि हॉस्पिटलांना ही सनद व दरपत्रक लावणं आवश्यक झालं. केसपेपर मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे, असा डॉक्टरांसाठीच्या आचारसंहितेत नियम आहे.

चाचांच्या बिलात आम्ही नंतर निवांत बसून बघितलं तर एक रक्त तपासणी एकाच दिवशी दोनदा लागली होती. रक्कम फार नव्हती, पण तोवर बिल भरून झालं होतं.

विमा घ्यावा की नाही?

सरकारी योजना सगळ्या ठिकाणी पुरत नाही. आजार यादीत नसतो, जवळचं हॉस्पिटल यादीत नसतं, खाट रिकामी नसते. तिथे खासगी आरोग्य विम्याचा प्रश्न येतो आणि आपल्या घरांत तो हलाल-हरामपाशी येऊन थांबतो. या प्रश्नाला बगल देणं आम्हाला बरोबर वाटत नाही.

व्यापारी विम्यात रिबा, गरर म्हणजे अनिश्चितता आणि जुगाराचा अंश आहे, म्हणून बहुसंख्य उलेमांनी तो नाजायज मानला आहे. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९८५ मध्ये ठरलेल्या हप्त्याचा व्यापारी विमा हराम आणि परस्पर सहकार्याचा विमा जायज असा निर्णय दिला. त्याच सहकारी पद्धतीला पुढे तकाफुल म्हणून ओळख मिळाली. दुसऱ्या बाजूला सीरियाचे फकीह मुस्तफा अल-जरका यांच्यासारख्यांनी विमा मुळात जायज असल्याचं मत मांडलं. हाजत आणि मजबुरीच्या हालतीत काही सवलत आहे का, यावरही आपल्याकडे उलेमांमध्ये चर्चा आहे.

आम्ही मुफ्ती नाही, फतवा देणं आमचं काम नाही. आमचं म्हणणं एवढंच, की हा प्रश्न आपल्या भरवशाच्या आलिमांना आज विचारा, आपली पूर्ण परिस्थिती सांगून विचारा. घरात कोण आजारी आहे, उत्पन्न किती, सरकारी सोय कितपत मिळते, नोकरीत मालकाने विमा आपणहून दिला आहे का, हे सगळं सांगा. उत्तर परिस्थितीवर बदलू शकतं. जे "हराम आहे" एवढं ऐकून गप्प बसतात ते पुढे आजारपणात व्याजाने कर्ज काढतात, हेही आम्ही बघितलं आहे. विमा न घेण्याचा निर्णय झाला तर मग त्याच्या जागी दुसरी तयारी हवी. दर महिन्याला ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात आणि ती फक्त आजारपणासाठी. सरकारी योजनेत आपल्याला हप्ताच भरायचा नसतो, तिचा मामला वेगळा आहे. तीही शंका असेल तर त्याच बैठकीत विचारून घ्या.

घ्यायचा ठरला तर काय बघायचं

एजंट पहिल्यांदा हप्ता किती कमी ते सांगतो. आपण पुढच्या गोष्टी विचारायच्या.

खोलीच्या भाड्याची मर्यादा. यात सर्वात जास्त लोक फसतात. समजा विमा तीन लाखांचा आणि खोलीची मर्यादा रोज ३ हजार. आपण ६ हजारांची खोली घेतली, पाच दिवस राहिलो. खोलीचे ३० हजार, डॉक्टर, ऑपरेशन थिएटर वगैरे १ लाख २० हजार, औषधं-तपासण्या ३० हजार. एकूण १ लाख ८० हजार. आपल्याला वाटतं विमा तीन लाखांचा, म्हणजे सगळं मिळेल. पण खोली दुप्पट भाड्याची घेतली म्हणून खोलीचे निम्मे म्हणजे १५ हजार आणि डॉक्टर-थिएटरचेही निम्मे म्हणजे ६० हजारच मिळतात. औषधं-तपासण्यांना ही कपात लागत नाही, ते ३० हजार पूर्ण. एकूण १ लाख ५ हजार मिळाले, ७५ हजार खिशातून गेले. म्हणून खोलीवर मर्यादा नसलेली पॉलिसी बघा, नाहीतर मर्यादेतलीच खोली घ्या. पाहुणे काय म्हणतील याचा विचार करू नका.

प्रतीक्षा काळ. पॉलिसी घेतल्यावर पहिले ३० दिवस अपघात सोडून दुसरं काही मिळत नाही. हर्निया, मोतीबिंदू, गुडघ्याची शस्त्रक्रिया अशा काही आजारांना बहुधा दोन-तीन वर्षं थांबावं लागतं. आधीपासून असलेल्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षं. हा नियम एप्रिल २०२४ पासूनचा आहे, आधी ही मुदत चार वर्षं होती. म्हणजे आजार झाल्यावर विमा घेऊन उपयोग होत नाही.

सहभाग किंवा को-पे. प्रत्येक बिलातला ठरावीक टक्के वाटा आपण भरायचा, अशी अट असते. आरोग्य संजीवनी ही सर्व कंपन्यांची एकसारखी पॉलिसी एप्रिल २०२० मध्ये आली. तिच्यात हा वाटा ५ टक्के आहे. ज्येष्ठांच्या काही पॉलिसींत तो याहून खूप जास्त असतो. विचारून घ्या.

जवळची हॉस्पिटलं. आपण खरोखर जाऊ अशा दोन-तीन हॉस्पिटलांत कॅशलेस चालतं का? यादीत दहा हजार नावं असतील, पण आपल्या तालुक्यात एकही नसेल तर काय फायदा?

सुपर टॉप-अप. मोठ्या रकमेचा मूळ विमा परवडत नसेल तर तीन लाखांचा मूळ विमा घ्यावा आणि वर्षात तीन लाखांच्या वर गेलेल्या खर्चासाठी सुपर टॉप-अप जोडावा. तो तुलनेने स्वस्त पडतो.

खरं सांगणं. साखर आहे, बीपी आहे, पूर्वी ऑपरेशन झालंय, सगळं अर्जात लिहा. एजंट म्हणेल, "लिहू नका, हप्ता वाढेल." त्याचं कमिशन मिळून जातं, क्लेम मात्र आपला नाकारला जातो. आणि खोटं लिहिणं दीनमध्येही बसत नाही. सलग पाच वर्षं पॉलिसी चालल्यावर माहिती लपवल्याच्या कारणाने कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. म्हणून नूतनीकरणाची तारीख चुकवू नका.

पॉलिसी हाती आल्यावर ३० दिवसांत ती वाचून परत करता येते. ६५ वर्षांनंतर नवीन पॉलिसी मिळतच नाही, हा नियमही आता राहिलेला नाही. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला आहे. तेव्हा नवीन हप्त्याच्या पावतीवर जीएसटी लावलेला दिसला तर विचारा.

क्लेम अडला तर

कॅशलेसच्या अर्जावर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत कंपनीने निर्णय द्यायचा, असं विमा नियामक संस्थेने, म्हणजे आयआरडीएआयने, २०२४ मध्ये सांगितलं आहे. कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेमच गेला असं नाही. बिल भरून नंतर परतफेड मागता येते. त्यासाठी डिस्चार्ज समरी, सगळी बिलं, पावत्या, चिठ्ठ्या आणि रिपोर्ट जपून ठेवा.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची तक्रार ऐकली जाते. कंपनीचा नकार आल्यापासून एका वर्षात जायचं असतं. नियामक संस्थेची हेल्पलाइन १५५२५५ आहे.

मोहल्ल्याने काय करावं

कुणी आजारी पडलं की आपल्याकडे मस्जिदीत एलान होतो, चादर फिरते, लोक देतातही. आपल्या बिरादरीची ही चांगली सवय आहे आणि ती टिकायला हवी. जकातीच्या आठ हकदारांमध्ये फकीर-मिस्कीन आहेत तसे कर्जदारही आहेत, आणि दवाखान्याच्या बिलाखाली दबलेली गरीब घरं त्यांत येऊ शकतात. पण योजनेतून मोफत होऊ शकणाऱ्या ऑपरेशनसाठी मोहल्ल्याचे दीड लाख गेले, तर ज्याच्यासाठी कुठलीच योजना नाही त्या पुढच्या रुग्णाला काय द्यायचं?

आमच्या मस्जिदीत आता एक छोटी सोय केली आहे. दोन शिकलेली मुलं आणि आमच्या शाळेतल्या एक बाई, अशा तिघांचे नंबर नोटीस बोर्डावर लावले आहेत. कुणी दाखल झालं की आधी त्यांना फोन करायचा. ते आरोग्यमित्राला गाठतात, धर्मादाय खाटेचा अर्ज लिहून देतात. चादर त्यानंतर, कमी पडेल तेवढ्याचीच. बायकांच्या अडचणी बाईंकडे मोकळेपणाने येतात, हाही फायदा झाला. महिन्यातून एकदा जुम्यानंतर कागद तपासायला बसतो. पहिल्याच बैठकीत सतरा रेशनकार्डं आली, त्यातल्या अकरांत नावाची काही ना काही चूक निघाली.

आणि घरात एक फाइल करा. सगळ्यांचे आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, आयुष्मान कार्ड, विमा असेल तर पॉलिसी, जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी, कोणाला कशाची अॅलर्जी आहे ते, आणि यादीतल्या हॉस्पिटलांचे नंबर. फाइल कुठे आहे ते घरातल्या बायकांना आणि मोठ्या मुलांनाही माहीत असू द्या. आजार येतो तेव्हा बरेचदा कर्ता माणूसच खाटेवर असतो.

चाचा आता बरे आहेत. एका मशीनवर काम करतात, गोळ्या जनऔषधी केंद्रातून घेतात. मुलगी यंदा परत कॉलेजात जाऊ लागली, बांगड्या अजून सुटायच्या आहेत. परवा चाचांनी आपलं रेशनकार्ड दाखवलं, त्यात सुनेचं आणि नातवाचं नाव चढवून आणलं होतं. म्हणाले, "मास्तर, या बारीला आधीच केलं."

तुम्हीही या आठवड्यात रेशनकार्ड आणि आधार काढा, शेजारी ठेवा आणि नावं जुळवा. अल्लाह सगळ्यांना सेहत आणि आफियत देवो, पण उंट बांधूनच तवक्कल करायचं असतं.